बडग्याचं नाक

“नाक जमून नाही राहिलं दादा,” असं म्हणून धर्मेंद्रनं पिशवीत हात घातला आणि एक नाक काढून टेबलावर ठेवलं.

कागदाच्या लगद्याचं नाक होतं. अजून ओलसर. कृष्णकांतनं चहाचा कप बाजूला सरकवला आणि ते नीट पाहिलं. सरळ, धारदार, पौराणिक नाटकातल्या राजपुत्राला शोभेल असं.

“कोणाचं आहे?”

धर्मेंद्रनं पंख्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या प्रशस्तिपत्रकाकडे पाहिलं. ते कोणत्या भाषेत होतं हे गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मग म्हणाला, “तुमचंच हाय.”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, गावाची ईडा पिडा नेणाऱ्या बाईची मूर्ती, आणि तिच्यामागे बडगे निघतात. वर्षभर ज्यानं ज्यानं लोकांना नाडलं, त्याचा बांबू-कागदाचा पुतळा करायचा, गावभर मिरवायचा, शिव्या घालायच्या आणि शेवटी जाळून टाकायचा. गांधीबागेच्या पाठीमागे जी रंगारी गल्ली आहे, तिचाही एक बडग्या असतो. धड गल्लीतली पोरं बांधतात, पण चेहरा मात्र कृष्णकांतच्या घरून जातो. त्याचे वडील गोपाळराव सरकारी कचेरीत कारकून. एका वर्षी त्यांनी स्वतःच्याच साहेबाचा चेहरा असा हुबेहूब केला की कचेरीचा शिपाई मिरवणुकीत त्याला सलाम ठोकून सहीसाठी फाईल ठेवून आला. फाईलवर सही झाली असंही लोक सांगतात. त्यातलं खरंखोटं फाईललाच माहीत. गोपाळरावांचा नेम एकच होता: बडग्या कोणाचाही असो, चेहऱ्याला नाही म्हणायचं नाही.

“तू माझ्याच ऑफिसात येऊन,” कृष्णकांत म्हणाला, “माझाच चहा पिऊन, माझाच बडग्या मला दुरुस्त करायला सांगतोस?”

“भांडण वेगळं, नाक वेगळं,” धर्मेंद्र शांतपणे म्हणाला. तो गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात होता आणि भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं सगळ्यांशी बोलायचा. “आमी तीनदा बनवलं. एकदा पोपट झाला, एकदा वांगं झालं. हे बरं आलं, पण लोक म्हणन हा कोण हिरो आला. तुमचं नाक कसं आहे दादा... मैदानी आहे.”

कृष्णकांत उठला. नाक टेबलावरून उचललं, मुठीत दाबलं, त्याचा लाडू केला आणि जिना उतरू लागला. धर्मेंद्र मागोमाग. बाकीच्या नाकांची पिशवी त्यानं काखेत घट्ट धरली होती, न जाणो.

*

कृष्णकांतची कारकीर्द लग्नापासून सुरू झाली. स्वतःच्या नाही, लोकांच्या. कॉलेजात असताना तो लग्नांच्या शूटिंगला जायचा. कन्हानला एका लग्नात ऐन मंगलाष्टकात नवरदेव पळाला, तर या पठ्ठ्यानं त्याचं पळणं इतकं सुंदर टिपलं की पुढच्या महिन्यात नवरदेव कॅसेट मागायला परत आला, आणि सासरच्यांनी त्याला तिथेच धरून लग्न उरकून घेतलं. मग मुंबई. तिथे मोठमोठ्या दिग्दर्शकांच्या मागे छत्री धरून त्याची अशी काही उंची वाढली की परत आला तेव्हा आईला दाराची चौकट उंच करून घ्यावी लागली. आपला सिनेमा आपण काढायचा, कोणाच्या बापाला विचारायचं नाही, एवढं शिकून तो नागपूरला आला. पण कोणाच्या बापाला विचारलं नाही तर पैसे कोण देणार? म्हणून जाहिराती.

मसाल्याच्या जाहिरातीत त्यानं रश्श्यावरची तर्री इतकी लाल दाखवली की अग्निशमन दलाचा फोन आला. पंपाच्या जाहिरातीत पाणी एवढं उंच उडवलं की कुहीच्या बाजूला शेतकऱ्यांनी कपाशीच्या पऱ्हाट्या झाकल्या. कोचिंग क्लासच्या जाहिरातीत एकच पोरगा वेगवेगळे केस लावून पहिला, दुसरा, तिसरा आणि चौथा आला. लोक हसायचे, गिऱ्हाईक खूश व्हायचं. जाहिरातीतून जे यायचं ते सगळं एका सिनेमात जायचं. त्याचं नाव होतं ‘रंगाऱ्यांचा हौद’.

गल्लीत पूर्वी कापड रंगवायचे दगडी हौद होते. बुजता बुजता एकच राहिला. त्या हौदाचा शेवटचा रंगारी शालिकराम आणि त्याची बायको पंचफुला. कृष्णकांतनं सिनेमात नट घेतलेच नाहीत. गल्लीतलीच माणसं घेतली, फुकट, पोह्यांवर. वर्षानुवर्षं शूटिंग चाललं. पोरं जन्मली, पोरी सासरी गेल्या, मधेच शालिकराम मेला, तरी शूटिंग चालूच. सिनेमा तयार झाला तेव्हा परदेशात एका महोत्सवात लागला. बाहेर पाऊस होता म्हणून बरीच माणसं आत आली, असं कृष्णकांत प्रामाणिकपणे सांगायचा. प्रशस्तिपत्रक मिळालं. देशात मात्र एकाही थिएटरवाल्यानं दार उघडलं नाही.

आणि मग यंदा ‘स्वर्गद्वार हाइट्स’ची जाहिरात आली.

*

पोळ्याची दुपार. गल्लीच्या तोंडाशी बांधलेल्या मांडवात बडग्या उभा होता. डोक्यावर गोल टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात पुठ्ठ्याचा कॅमेरा, आणि पोट असं की त्यात गल्लीतले दोन म्हातारे मावले असते. नाकाच्या जागी भोक.

“टोपी कोणाची?” कृष्णकांत ओरडला. “मी जन्मात टोपी घातली नाही!”

“डायरेक्टर म्हटलं म्हंजे टोपी लागते,” धर्मेंद्र म्हणाला.

“आणि हे पोट?”

“ते पैशाचं हाय.”

आता मात्र कृष्णकांतचं डोकं फिरलं. तो एजन्सीवाल्यांशी पुस्तकी मराठी बोलायचा, बिल्डरांशी हिंदी, पण राग आला की गोपाळरावांचं सगळं वळण गळून पडायचं आणि गल्ली तोंडात यायची.

“अबे लाज वाटते का तुमाले? एवढी वर्षं पिक्चर काढला या गल्लीचा. तुमचा! तुमच्या बापाचा, तुमच्या हौदाचा! हॉल घेतला, पास वाटले. कोण आलं? एक जण तरी आला का? मॅच होती म्हणे! हा एकटा धर्मेंद्र आला, अन् तोही घोरला!”

“एसी होता दादा.”

“चूप बैस! पिक्चर पाहाले टाइम नाही, अन् जाहिरात पाहिली तं बडग्या! वा रे वा! जाळा. जाळा मले. घर जाळा, ऑफिस जाळा. पण पहिले सांगा, कोणाच्या डोक्यातून निघालं हे?”

पोरं एकमेकांच्या मागे लपू लागली. तेवढ्यात मांडवाच्या कोपऱ्यातून कापड फाटल्याचा आवाज आला, टर्रकन.

पंचफुला बसली होती. बडग्याच्या पोटात भरायला जुनी लुगडी फाडत होती. सत्तरीची बाई, पण हाताला अजून जोर होता.

“माया डोक्यातून नाही निघालं बाबू,” ती म्हणाली. “पण म्या नाही पण नाही म्हटलं.”

कृष्णकांत तिच्यासमोर उकिडवा बसला. सगळ्या गल्लीशी भांडता येतं, एका पंचफुलामावशीशी बोलताना मात्र त्याचा आवाज आपोआप खाली यायचा. हेही त्याला आवडलं नाही.

“मावशी, तुम्ही तरी. जाहिरातीत तुमचं काही वाईट दाखवलं का मी?”

“काय दाखवलं, तूच सांग.”

मग तीच सांगू लागली, हात न थांबवता.

“मी कुहीले गेली होती भाचीकडे. आमी जेवून रायलो होतो. टीव्ही चालू. तं मी दिसली. हौदावर बसली, हात फिरवून रायली, रडून रायली. भाची म्हणे, मावशी, तू काहून रडून रायली वं? म्या म्हटलं, बाई, मी तं कधी रडली नाही कोणासमोर. मग खाली अक्षरं आली. भाचीच्या पोट्ट्यानं वाचलं. ‘हा नरक किती दिवस?’ अन् मंग तो चकाचक टावर.” तिनं पट्टी बाजूला ठेवली. “भाचीचा सासरा होता समोर. त्यानं ताट सरकवलं अन् उठून गेला. त्याले वाटलं, बाई नरकातून आली, आपल्या पंक्तीले बसली.”

“ते शब्द मी नाही लिहिले. ते लिहिणारा दुसरा असतो.”

“रडणं कोणी देल्लं?”

कृष्णकांतनं मान वळवली.

शालिकराम गेल्यावरची ती दुपार होती. सीन एवढाच की पंचफुला कोरडा हौद झाडते. तिनं झाडला. कृष्णकांत “कट” म्हणाला. मग ती तशीच हौदाच्या काठावर टेकली आणि त्या दगडावरून तळहात फिरवू लागली, आजारी बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. आणि रडली. कॅमेरामननं कॅमेरा बंद करायला हात नेला, तेव्हा कृष्णकांतनं त्याला डोळ्यानं खूण केली: चालू ठेव.

“तू म्हटलं होतं, कट,” पंचफुला म्हणाली. “मले तुमचं काही समजत नाही, पण एवढं समजत होतं. कट म्हटलं का मशीन बंद. मंग आपलं आपण.”

तिनं पट्ट्यांचा ढीग बडग्याकडे सरकवला.

“साऱ्या गल्लीले पास देल्ले. मले म्हटलं, मावशी, तुमाले घरी येऊन दाखवतो. आला का?”

“मावशी...” कृष्णकांत रागानंच बोलत होता, पण राग कोणावर आहे हे त्याला आता नीटसं कळत नव्हतं. “तो माझा सगळ्यात चांगला शॉट आहे. आयुष्यात तसा शॉट ना आधी जमला, ना पुढे जमणार. अन् कोणी पाहिला नव्हता तो. कोणीच! बिल्डरचे लोक म्हणाले, जुन्या गल्लीचं काही आहे का तुमच्याकडे. होतं माझ्याकडे. वाटलं, निदान असा तरी पाहतील लोक.”

“पाहिला ना मंग,” ती म्हणाली. “साऱ्याइनं पाहिला.” आणि पुढचं लुगडं हातात घेतलं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अनिशबाबू. ‘स्वर्गद्वार’वाल्या शेठचा मुलगा, पुण्याहून शिकून आलेला, कायम गोड बोलणारा. घाईत कृष्णकांतचं बोट चुकलं आणि फोन स्पीकरवर लागला.

“हां कृष्णकांतजी, सुनो ना. तुमच्या त्या गल्लीत कोई पुतळा बनून राहिला म्हणे. आमच्या प्रोजेक्टचं नाव टाकून राहिले त्यावर. तेवढं प्लीज रोकून घ्या. तुमचीच माणसं आहेत. और एक गुड न्यूज. बाबूजी हो म्हणाले, तुमची दुसरी फिल्म आपण करू. पूरी. जशी तुम्हाला पाहिजे तशी.”

ही दुसरी फिल्म म्हणजे काय, हे गल्लीलाही माहीत होतं. तिची कथा कृष्णकांत ज्याला त्याला ऐकवायचा. चहावाल्याला तर ती इतकी पाठ होती की मधले संवाद तोच म्हणायचा.

“अनिशबाबू,” कृष्णकांत म्हणाला, “चौकातला जाहिरातीचा फ्लेक्स उतरवा. आजच.”

“आजीवाला? अरे, वो कायको? बेस्ट रिस्पॉन्स आहे त्याला! लोक साइटवर येऊन सांगतात, त्या आजीला पाहून रडायला येते. क्या शॉट लिया आपने! मानना पडेगा.”

बघा काय दैव असतं. ज्या दादेसाठी या माणसानं अर्धं आयुष्य पोह्यांवर काढलं, ती दाद आली, आणि आली ती अशी, मांडवात, सगळ्यांदेखत, बिल्डरच्या तोंडून. कृष्णकांतचा चेहरा काळानिळा पडला. धर्मेंद्रला वाटलं, आता हा फोन गिळतो.

“तो पुतळा नाही अनिशबाबू,” तो सावकाश म्हणाला. “त्याला बडग्या म्हणतात. अन् तो माझा आहे. नाक राहिलंय, लावतो, मग निघतो.”

“मतलब?”

“मतलब तुमच्या बाबूजींना सांगा, फिल्म नको.”

फोन खिशात टाकून तो उभा राहिला, बाह्या सारल्या आणि पोरांवर खेकसला, “लगदा आणा! पाहत काय बसले? हे बांधकाम आहे का? याला बडग्या म्हणतात का? माझ्या बापानं पाहिला असता तर थुंकला असता!”

आणि मग जी काही कामाला सुरुवात झाली! टोपी भिरकावली. चष्मा काढला, तिथे सुजलेल्या पापण्या केल्या. पोट उपसून निम्मं केलं आणि पाठीला बाक दिला. नाक बसवलं: रुंद, डावीकडे कललेलं, ‘मैदानी’. पोरं म्हणाली जमलं. हा म्हणाला, नाही जमलं, पुन्हा. पुन्हा जमलं. पुन्हा नाही. स्वतःचं नाक त्यानं इतक्या वेळा उपटलं की खऱ्या नाकाला झोंबू लागलं.

“दादा, आता बस करा,” धर्मेंद्र म्हणाला. “जाळाचंच तं हाय.”

“जाळायचं आहे म्हणूनच नीट पाहिजे, गाढवा!”

गळ्यातला कॅमेरा काढून त्यानं तो बडग्याच्या डोळ्याला लावला. पुढच्या बाजूला लाल कागदाचा ठिपका चिकटवला.

“हे काय हाय?”

“मशीन चालू आहे,” कृष्णकांत म्हणाला, आणि कोपऱ्याकडे पाहायचं त्यानं टाळलं.

धर्मेंद्रनं छातीवरच्या पाटीसाठी लांबलचक मजकूर रचला होता, त्यात गद्दार होता, अश्रूंचा सौदागर होता, कलियुग होतं. कृष्णकांतनं तो सगळा खोडला. ‘स्वर्गद्वार’ तेवढं ठेवलं आणि खाली लिहिलं: ‘कट म्हणाला. बंद केलं नाही.’

“हे लोकाइले समजन का?” धर्मेंद्रनं विचारलं.

“न समजायला काय झालं?”

*

नाही समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्याला मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल, गुलाल, पोरांच्या हातात लाकडी बैल, आणि चारी बाजूंनी एकच आरोळी, “ईडा पिडा घेऊन जा गे मारबत!” रंगारी गल्लीची हातगाडी चौकाचौकातून पुढे चालली. कृष्णकांत गर्दीत, स्वतःच्या बडग्यापासून चार हातांवर. तयारीनं आला होता. शिव्या खायच्या, मान खाली घालायची नाही, असं ठरवून आला होता.

“हा कोण हाय गा?” एकानं विचारलं.

“बिल्डर असन. स्वर्गद्वार लिहिलं आहे न.”

“मंग कॅमेरा काहून लावला?”

“प्लॉट पाहून रायला असन लोकाइचे.”

“मार चप्पल!”

चप्पल आली. बडग्याच्या कानाला लागून कृष्णकांतच्या पायाशी पडली. त्यानं ती उचलली आणि ज्यानं मारली त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“बिल्डर नाही तो. डायरेक्टर आहे!”

“कोण्या बँकेचा?”

“सिनेमाचा! नागपूरचा आहे! इथलाच!”

त्या माणसानं बडग्याकडे पाहिलं, मग कृष्णकांतकडे पाहिलं. तेच नाक, तीच पाठ, मधे चार हातांचं अंतर. “नाही पाहिला बाप्पा कधी,” तो म्हणाला, चप्पल घेतली, पायात घातली आणि निघून गेला.

लोकांनी आपल्याला ओळखून शिव्या द्याव्यात, एवढी साधी इच्छा. तीही पुरी होईना. कृष्णकांत ओरडत राहिला, “डायरेक्टर आहे, डायरेक्टर!” आणि ढोलात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

मोठ्या चौकात गाडी अडली. वर फ्लेक्स होता, तीन मजली घराएवढा. काठावर बसलेली पंचफुला, दगडावर तळहात, गालावर पाणी. नाक पुसायलाही पदर पोहोचला नव्हता, तेव्हाचा क्षण. खाली तीच पंचफुला उभी होती, हिरव्या पातळात. कुहीहून परतल्यापासून पहिल्यांदाच गल्लीबाहेर आलेली. आणि तिला मात्र सगळ्यांनी ओळखलं.

“अबे, आजी पाह्य! नरकवाली आजी!”

“आजी, टावर कधी बनून रायला तुमचा?”

कृष्णकांतनं मुठी वळल्या आणि गर्दीत घुसला. पण त्याच्या आधी पंचफुलाच वळली. कमरेवर हात ठेवून.

“तुया बापाच्या अंगणात बनून रायला! ये पाहाले. तुले अन् तुया बापाले तळमजल्यावर खोली देतो, झाडू माराले ठेवतो!”

एवढा हशा पिकला की ढोलवाले थांबले. विचारणारा तोंड लपवून पळाला. पंचफुलानं एकदा मान वर करून फ्लेक्सकडे पाहिलं. पाहिलं आणि पुढे चालू लागली, गाडीच्या बरोबरीनं, कोणाचा हात न धरता.

तलावाजवळच्या मैदानात बडगे एकेक करून जळत होते. रंगारी गल्लीच्या बडग्यावर धर्मेंद्रनं तेल ओतलं. “दादा, तुमी लावता का?” त्यानं विचारलं. कृष्णकांतनं नकारार्थी मान हलवली. मग पोरांनीच लावली. लगदा ओला राहिला होता, आधी नुसता धूर झाला. मग पोटातली लुगडी पेटली.

पेटली ती अशी की बघत राहावं. आतून केशरी, वर निळसर, आणि त्या उजेडात पलीकडच्या बाजूला पंचफुलाचा चेहरा. सुरकुती न् सुरकुती दिसत होती. डोळे कोरडे, ओठ किंचित उघडे. असा प्रकाश ठरवून मिळत नाही. कृष्णकांत कधी तिच्या बाजूला सरकला, खिशातून फोन कधी निघाला आणि कधी डोळ्यासमोर आला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

पंचफुलानं आगीवरची नजर हलवली नाही. फक्त हात उचलला आणि तळहात फोनच्या कॅमेऱ्यावर ठेवला.

फोनवर काळोख झाला. बोटांच्या कडांना तेवढा तांबूस उजेड.

तिनं हात काढला नाही. त्यानंही तो बाजूला केला नाही. दोघं तशीच उभी राहिली, बांबू खाली कोसळेपर्यंत.